गडग्याकडची रातराणी

कमलची नजर जात होती आणि मी तिला वेंधळी म्हणत होतो. एक-दोन दिवस नाही, चांगली दोन वर्षं.

अठ्ठ्याण्णव साली मी शाळेतून निवृत्त झालो, फंडाच्या पैशात रत्नागिरीजवळ नाचणे गावाच्या कातळावर पाच गुंठ्यांत घर बांधलं आणि आता सुखाचे दिवस आले असं समजून चाललो. तेव्हापासून ही दाराच्या चौकटीला खांदा आपटायची. ताटाशेजारचा पेला लवंडायची. समोरचं तिला लख्ख दिसे, तांदळातला खडा बरोबर सापडे; बाजूला मी उभा असलो तर मात्र अंगावर येऊन आदळे. "लक्ष कुठं असतं गो तुझं?" हे माझं त्या काळातलं ठरलेलं वाक्य. तीही बिचारी म्हणायची, "वय झालं हो." चोपन्न वर्षांची बाई!

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासणी करून एक कागद पुढ्यात ठेवला. कागदभर काळं आणि मधोमध रुपयाएवढं पांढरं. "काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही सर, उरलेली राखायची," ते म्हणाले. तीही राखली गेली नाही. दोन हजार एकच्या गणपतीत तिला खिडकी कुठली आणि भिंत कुठली एवढंच कळत होतं. मी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. डोळ्याची आकृती फळ्यावर इतक्या वेळा काढली की झोपेत काढीन. आणि घरातल्या माणसाचे डोळे मिटत चालले ते मला दिसलं नाही.

आमचा मुलगा उन्मेष पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत. त्याचं एकच, आईला इकडे घेऊन या. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट आहे, सून ऋजुता प्रेमळ आहे, दवाखाना जवळ. सगळं खरं. कमल महिनाभर राहिली आणि परत आली. घरात पाऊल टाकताक्षणी म्हणाली, "त्या घराचे सगळे कोपरे पाठ झाले मला. पण दाराबाहेर कुणीतरी हात धरल्याशिवाय एक पाऊल नाही. मला पुन्हा पाठवू नका हो. मरेपर्यंत इथं राहू द्या."

मी हो म्हटलं. तो शब्द मी दिला होता, एवढं लक्षात असू द्या.

बागेची कल्पना तिचीच. एका संध्याकाळी दिवा लावून ती मागच्या पायरीवर बसली होती. एकदम म्हणाली, "प्राजक्त उमलला."

"तुला कसं कळलं?"

"नाकानं. आणखी कशानं?" ती उठली. "मी जाते त्याच्यापर्यंत. तुम्ही हात धरू नका."

आणि गेली. मध्ये एकदा थांबली, मान जरा इकडे-तिकडे केली, मग नीट सरळ चालत जाऊन तिनं खोडावर हात ठेवला. तिथून मला हाक मारली ती अशी की शेजाऱ्यांनी दिवे लावले.

झालं, दुसऱ्या दिवशी मी आलेखाचा कागद घेऊन बसलो. मागच्या पायरीपासून परड्याच्या टोकाच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, पायवाट आखली. बासष्ट पावलं. पायरीशी जुईचा मांडव. आठव्या पावलापासून निशिगंधाची रांग. प्राजक्त होताच, तिथं उजवीकडे वळण. पुढं मोरीचं पाणी जातं त्या ओलीवर सोनटक्का. सगळी रात्री फुलणारी. रात्री उमलणारी फुलं बहुतेक पांढरी असतात आणि त्यांचा वास तीव्र असतो, कारण अंधारात पतंगांना रंगाचा उपयोग नसतो, त्यांना वासावरूनच यावं लागतं. हे मी आठवीला शिकवायचो. जे पतंगांना चालतं ते कमलला का चालू नये, असा माझा विचार.

आता कातळावर बाग करायची म्हणजे काय, ते रत्नागिरीकराला सांगायला नको. झाडागणिक पहारीनं खड्डा फोडायचा, शेतातली माती आणून भरायची, शेणखत घालायचं आणि मग देवावर हवाला. धोंडू आमच्याकडे नारळ पाडायला आणि शिंपण्याला येई. त्यानं आणि मी मिळून दोन महिने खड्डे फोडले. त्यातून ढीगभर दगड निघाले. ते फेकायचे कुठं? मी ते वाटेच्या दोन्ही बाजूंना रचले, चुना नाही, सिमेंट नाही, नुसते एकावर एक, वीत-दीड वीत उंच. कमलची काठी दोन्हीकडे त्यांना लागायची आणि पाऊल वाटेबाहेर जायचं नाही. या रचाईचा मला भारी अभिमान होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला नेऊन दाखवायचो.

राहिलं शेवटचं झाड. वाटेच्या टोकाला, गडग्याशी. मी केळशीच्या मावसबहिणीकडून रातराणीची छाट आणली, ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून. धोंडूनं ती पाहिली आणि पहार खाली टाकली.

"रातरानी घराशी लावू नये, मास्तर. जनावर येतं."

आमच्याकडे दिवेलागणीच्या सुमाराला सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. मी तिथंच त्याचा वर्ग घेतला. सापाला फुलाच्या वासाचं काही सोयरसुतक नाही, तो भक्ष्याच्या मागे येतो, वगैरे वगैरे. धोंडूनं सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखू मळत म्हणाला, "तुमी शिकलेली माणसं. आमी आपलं बगितलंय ते सांगतो."

कमल पायरीवरून म्हणाली, "लावा हो. तिचा वास सगळ्यांत लांब येतो. शेवटाला तीच हवी, म्हणजे वाटेचा शेवट कुठं आहे ते मला दारातूनच कळेल."

रातराणी लागली आणि असली फोफावली की दीड वर्षात गडग्याच्या वर गेली. तिच्या बुंध्याशी मी एक सपाट चिरा बसवून दिला, बसायला. मग दोन वर्षं आमचं बरं चाललं. हसू नका, पण लग्नानंतरची सगळ्यांत बरी दोन वर्षं तीच. कमल तिन्हीसांजेला देवापाशी निरांजन लावायची, काठी घ्यायची आणि एकटी निघायची. बासष्ट पावलं जायची, चिऱ्यावर बसायची, मनात येईल तेव्हा परत यायची. कुणाचा हात नाही की कुणाची हाक नाही. "दिवसा मी आंधळी," म्हणायची, "दिवेलागणीनंतर तुम्ही. टॉर्च घेऊन या हो, धडपडाल!" उन्हाळ्यात बाकीच्यांचा बहर नसे तेव्हा मी मोगऱ्याच्या कुंड्या ओढत नेऊन वळणांवर ठेवायचो. माझी कंबर धरायची आणि ती म्हणायची, "प्राजक्ताच्या जागी मोगरा? मास्तर, तुमचा धडा चुकला."

दोन हजार पाचच्या दसऱ्यानंतर धोंडू परड्यातलं गवत काढत होता. काठीवर काहीतरी घेऊन मागच्या दाराशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, ह्ये बगा."

फुरसं. जेमतेम हातभर, मातकट रंगाचं, डोक्यावर बाणासारखी खूण.

"रातरानीच्या बुडात व्हतं. वयनी बसतात त्या चिऱ्याखाली."

कमल आत तांदूळ निवडत होती. मी धोंडूला गप्प बसायची खूण केली. तिला का सांगितलं नाही? ती घाबरेल म्हणून नव्हे. ती घाबरणार नाही आणि जायची थांबणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं म्हणून. त्याच रात्री उन्मेषचा फोन आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं. तो एकदम गंभीर झाला. "बाबा, आईला दिसत नाही आणि तुम्ही तिला सापात सोडताय? दिवाळीला मी येतो आणि तिला घेऊन जातो. आता ऐकणार नाही."

रात्रभर मी विचार केला. फुलावर किडे येतात, किड्यांवर पाली आणि बेडूक, आणि त्यांच्यावर साप. म्हणजे रातराणीमुळेच की! धोंडूसमोर ज्याला अडाणीपणा म्हटलं तेच मी सकाळपर्यंत शास्त्रशुद्ध करून टाकलं. माणसाला मनातून एखादी गोष्ट करायचीच असली की शास्त्र हवं तसं वाकवता येतं. झाड गेलं की साप गेला, साप गेला की उन्मेष गप्प, उन्मेष गप्प की कमल इथंच. माझं गणित सुटलं.

राजापूरला भाचीचा साखरपुडा होता. मी कमलला घेऊन दोन दिवस तिकडे गेलो आणि धोंडूला सांगून ठेवलं की आम्ही नसताना झाड बुंध्यापासून तोड. तो कोयता घेऊन उभा राहिला.

"वयनीना सांगितलाव?"

"सांगेन मी."

"सांगा, मास्तर. त्या त्या झाडाच्या आधारानं चालतात."

अडाणी माणूस! त्याला कळलं ते.

आम्ही परतलो त्या संध्याकाळी ती गेली आणि प्राजक्तापासूनच परत आली. "आज रातराणी नाही?"

"बहर ओसरला," मी म्हणालो.

रातराणीचं असतंच तसं. आठ-दहा दिवस नुसता घमघमाट, मग महिनाभर काही नाही, मग पुन्हा. कमलला संशय यायचं कारण नव्हतं. ती प्राजक्तापर्यंत जाऊन येऊ लागली. धोंडू खुंटाला आलेला फुटवा खुडून टाकत होता. उन्मेषला मी फोनवर सांगितलं, झाड तोडलं, भीती नाही, आईपाशी यातलं काही काढू नको. तो दिवाळीला आला, दोन दिवस राहिला, पुन्हा नेण्याची गोष्ट काढली नाही. मी खूश होतो.

नोव्हेंबरच्या मध्यावर एक दिवस संध्याकाळी कमल म्हणाली, "आता यायला हवी होती हो रातराणी. महिना उलटून गेला. कीड तर लागली नाही? मी उद्या जाऊन हातानं चाचपून बघते. तुम्ही काय, नुसतं लांबून बघणार."

तिचा हात त्या खुंटावर पडणार हे मला दिसलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "अगो, फुललीय की. कालपासून नुसतं दरवळतंय."

मग तिनं तोंड गडग्याच्या दिशेला वळवलं आणि दीर्घ श्वास घेतला. परत घेतला. "हो?" ती म्हणाली. "फार येतोय वास?"

त्या क्षणी मी काय केलं आहे ते मला कळलं. तरीही मी म्हणालो, "बराच येतोय."

रात्री जेवताना तिनं घास तसाच ठेवला. "डोळे असेच गेले ना हो. आधी कडा गेल्या. मी म्हणायचे, दिव्याचा उजेडच कमी आहे. आता नाकाच्या कडा जायला लागल्या. आधी रातराणी. मग एकेक करून बाकीची."

"सर्दी झाली असेल तुला," मी म्हणालो.

आणि मी पाणी उकळलं, त्यात निलगिरीचे थेंब टाकले आणि तिच्या डोक्यावर टॉवेल धरून तिला वाफारा दिला. धडधाकट नाकाला. ती आज्ञाधारकपणे वाकून वाफ घेत होती, तिच्या मानेवर घाम आला होता, आणि मी वर टॉवेल धरून उभा होतो. माझी मलाच लाज वाटत होती, पण तोंड उघडलं नाही.

का उघडलं नाही, ते सांगतो. पत्रात काय लिहिलंय, साडी कुठल्या रंगाची, दूध नासलंय का, आभाळ आलंय का, सगळं ती माझ्या तोंडून पाहत होती. एकदा हे खोटं होतं असं कबूल केलं की बाकीचं सगळंही तिला तपासून घ्यावं लागलं असतं. आणि कशानं तपासणार? म्हणून आज सांगू, उद्या सांगू. उद्या सांगणं तर आणखी अवघड होतं.

तिनं परड्यात जाणं सोडलं. मी एकदा पहाटे उठून पाहिलं तर ती स्वयंपाकघरात डबे उघडून बसली होती. हिंग, जिरं, सांडगी मिरची, कॉफी. एकेक डबा नाकाशी धरायची, पुटपुटायची, झाकण लावायची. परीक्षेच्या आधी पोरं घोकंपट्टी करतात, तशी. मी दारातून परत फिरलो.

पुढच्या रविवारी उन्मेषचा फोन आला तेव्हा तिनं रिसीव्हर मागून घेतला. "ये रे बाळा," ती म्हणाली. "घेऊन जा मला. इथं राहून तरी आता काय वेगळं आहे? इथंही कोपरे, तिथंही कोपरे."

जिच्यासाठी झाड तोडलं ती आपल्या तोंडानं जायचं कबूल करून बसली. उन्मेष शनिवारी गाडी घेऊन यायचा होता.

गुरुवारी संध्याकाळी मी वाचनालयाची पुस्तकं परत करायला गावात गेलो होतो. परत आलो तेव्हा सात वाजून गेले होते. मागचं दार उघडं. कमल पायरीवर बसली होती, डावा हात मांडीवर धरून, केसात काडीकचरा. आणि ती हसत होती.

"अहो! तोडलीत होय तुम्ही रातराणी?"

मी पिशवी खाली ठेवली.

"जायच्या आधी म्हटलं तिला एकदा हात लावून यावा. वास नाही तर नाही. प्राजक्ताच्या पुढं काहीच कळेना, शेवट कुठं ते. मग काठी टाकली खाली आणि वाकून हातानं दगड चाचपत चाचपत गेले. चिरा सापडला. आणि त्याच्या मागं नुसता खुंट! तोडलेला खुंट हो, हातानं फिरवून बघितला चांगला." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज पोरीसारखा झाला होता. "म्हणजे माझं नाक गेलेलं नाही. वास नव्हताच तर येणार कुठून? बघा, निशिगंध येतोय. पलीकडे कुणाकडे तरी बोंबील भाजतायत. सगळं येतंय मला!"

मी तिच्याशेजारी बसलो. "कमल, ते मी..."

"असू दे हो, असू दे. मी उन्मेषला सांगते, येऊ नको म्हणावं." मग तिनं डावा हात पुढं केला. "हे जरा बघा. चिऱ्याजवळच्या दगडात हात गेला तेव्हा काहीतरी टोचलं. वाळकं पान करकरल्यासारखं वाजलं आणि टोचलं."

मी ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं. फुरसं अंगाचे खवले एकमेकांवर घासतं, करवतीसारखा करकर आवाज येतो, हे मी दर वर्षी फळ्यासमोर उभं राहून सांगितलं होतं. कातळावरचे सुटे दगड हेच त्याचं घर, हात घालण्याआधी काठीनं हलवा, हेही सांगितलं होतं. त्याला रातराणीशी काही देणंघेणं नव्हतं. ते दगडांत राहायला आलं होतं, मी दोन्ही बाजूंनी बासष्ट पावलं रचून दिलेल्या दगडांत. मी झाड तोडलं आणि एकही दगड हलवला नाही.

यातलं तेव्हा काहीही माझ्या डोक्यात आलं नाही. मी फक्त एवढाच हिशोब करत होतो की ही रागावली का नाही, आणि आता विचारेल का. लाजेपायी मी तिच्या तोंडाकडे पाहत नव्हतो आणि तिच्या बोटाकडेही नीट पाहिलं नाही. "खुंटाचं कुसळ लागलं असेल," मी म्हणालो. बोट धुतलं, हळद दाबली, चिंधी बांधली.

ती त्या रात्री पोटभर जेवली. झोपताना म्हणाली, हात ठणकतोय. मी म्हटलं, सकाळी उतरेल.

सकाळी हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा झाला होता. उशीवर रक्त होतं, तिच्या हिरड्यांतून आलेलं. रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि प्रत्येक खड्ड्याला ती कण्हत होती. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं हळदीची चिंधी सोडली आणि दोन बारीक खुणा मला दाखवल्या. "किती वाजता चावलं?"

"साडेसहाला."

त्यानं घड्याळ पाहिलं. साडेआठ वाजले होते. "म्हणजे दोन तास झाले."

"काल," मी म्हणालो. "काल संध्याकाळी."

तो लगेच कामाला लागला. इंजेक्शनं झाली, रक्ताच्या बाटल्या झाल्या, उन्मेष रातोरात पोचला, धोंडू दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसून होता. त्यांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. उशीर माझ्याकडून झाला होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं काम करत नाहीत.

ती शुद्धीवर होती. मी तिच्या उशाशी बसून होतो आणि ती विचारेल याची वाट पाहत होतो. तोडलीत का, याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं: तुला इथंच राहता यावं म्हणून. पण झाड नव्हतं तर दरवळतंय असं का म्हणालात, याचं उत्तर काही केल्या जुळत नव्हतं. विचारलं असतं तर मी पाया पडलो असतो तिच्या. तिनं विचारलं नाही. उन्मेषशी हळूहळू बोलली, ऋजुताची चौकशी केली, धोंडूला चहा दिलात का म्हणाली. माझ्यावर राग असल्यासारखं एक अक्षर बोलली नाही. माझा हात हातात घेऊन पडून राहिली.

चौथ्या दिवशी पहाटे ती जागी झाली. उन्मेष बाहेर गेला होता. खोलीत मी होतो आणि बाटली बदलणारी सिस्टर होती. कमलच्या बोटांत माझी बोटं होती, खिडकी माझ्या समोर होती, बाहेर फटफटत होतं. बाहेर काय दिसतंय ते इतकी वर्षं ती मलाच विचारायची.

तिनं मान पलीकडे वळवली आणि म्हणाली, "सिस्टर, उजाडलं का हो?"